कॉफीचा वास कसा वाटला ते कळवा

केज
८ जुलै २०२४

स्वप्नाली बाळा,

पत्र बघून घाबरू नको, घरी समदे खुशाल हायेत. फोन कावून केला न्हाई म्हणशील, तर तुझी मामी फोन आला की स्पीकर लावती आन भांडी घासत बसती. मग माझं बोलणं छबुबाईच्या अंगणापर्यंत जातंय. आन तुला तरी त्या डोंगरात रेंज कुठं हाय? अर्धं बोलणं 'हॅलो हॅलो'तच जातंय.

काम असं हाय. मला घरी कॉफी सुरू करायची हाय. हसू नको. चहानं पित्त होतंय. तू तिकडं चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यात भाजायचं आन चाखायचं काम करतीस, मग मामानं दुसऱ्या कुणाला विचारावं?

बाटलीतली भुकटी मला नको. बी पायजे, भाजलेलं, अख्खं. तू दिवाळीत म्हणत होतीस की त्यात दोन जाती असतात. त्यातली वासाला जोराची कोणती? वास लई जोराचा पायजे बघ. डबा उघडला की नाकात शिरला पायजे. चव कमी-जास्त चालंल, वासात हयगय नको.

दुसरं, भांडं कोणतं घ्यावं? परळीला एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं गेलतो. त्यानं काचेच्या उभ्या भांड्यात कॉफी केली आन वरून दांडा दाबला. तुझी मामी म्हणती काच आपल्या घरात आठ दिवस टिकायची न्हाई. मी गुळव्या माणूस, चाळीस वर्षं रस उकळायच्या काहिलीपाशी उभा राहिलो, मला लोखंड आन पितळ कळतं. तवा तूच सांग.

गुऱ्हाळ दसऱ्यानंतर पेटंल. तवर ह्या कॉफीचं जमलं पायजे. अर्जुनराव मालक बरे हायेत. काहिलीखाली जाळ घालणारा सटवा आता कामावर न्हाई. फेब्रुवारीत त्यानं एक काहील करपवली, मालकानं काढून टाकलं. यंदा ऊसतोडीला जातो म्हणतोय. असो.

तुझा मामा,
शहादेव

•

चिकमगळूर
२० जुलै २०२४

मामा,

तुमचं पत्र मी भाजणीघरात उभ्या उभ्या वाचलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे मोठे साहेब कानडी, त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण मी हसते म्हणून तेही हसले. शहादेव गुळव्या कॉफी पिणार! मामी काय म्हणते?

आता नीट ऐका. जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टा कडक आणि कडवट, दुधात घातली तरी दबत नाही. अरेबिका जरा नाजूक, पण वास तिचाच. भाजणी मध्यम घ्यायची. फार काळी भाजली की सगळ्या जातींचा वास एकच होतो, जळाल्याचा. हे तुम्हाला काय सांगायचं? काहील दोन मिनिटं जास्त राहिली की सगळ्या उसाचा गूळ सारखाच लागतो, असं तुम्हीच म्हणायचात.

भांडी तर इथं पन्नास प्रकारची आहेत. ते काचेचं दांड्याचं चांगलं असतं, पण मामीचं बरोबर आहे. एक गॅसवर ठेवायचं इटालियन भांडं असतं, खालचं पाणी वाफेनं वर चढतं. तुम्हाला मात्र मी आपला पितळी फिल्टर पाठवतेय. दोन डबे एकावर एक. वरच्याला तळाशी बारीक भोकं. वरच्यात पूड घालायची, चकतीनं हलकं दाबायचं, उकळी मोडलेलं पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. पंधरा मिनिटांत खाली अर्क उतरतो. घाई केली की पाणी उतरतं, कॉफी नाही. वीज नको, गॅस नको, फुटायची भीती नको.

सोबत अर्धा किलो बी आहे. एकदम सगळं दळू नका. लागेल तेवढंच आदल्या दिवशी दळून घ्या, बारीक रव्यासारखं. पीठ नको.

आणि एक गंमत. तीन लहान पुड्या वेगळ्या ठेवल्यात, एक, दोन, तीन. दोन सारख्या आहेत, एक वेगळी. आमच्याकडे नवीन माणसाला असंच बसवतात. दिसायला तिन्ही एक, नुसत्या वासावर सांगायचं. तुम्हाला हे म्हणजे पोरखेळ. मी सात वर्षांची असताना मामीच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं माझे डोळे बांधून तुम्ही मला काहिलीपाशी उभं करायचात. 'सांग, मळी निघाली का? पाक आला का?' त्याच जोरावर मी इथं पोट भरतेय, मामा. मुलाखतीत पण हेच सांगितलं होतं, की माझा मामा काहिलीकडं पाठ करून उभा राहतो आणि नुसत्या वासावर 'उतरवा' म्हणतो.

कॉफीचा वास कसा वाटला ते कळवा. चांगलं पानभर लिहा.

सटवादादाचं वाचून वाईट वाटलं. त्याच्या हातून जाळ जास्त झाला? मला तो वाटीत काकवी द्यायचा, तीही फुंकून गार करून.

तुमची,
स्वप्नाली

•

केज
२ ऑगस्ट २०२४

स्वप्नाली बाळा,

पार्सल पोचलं. फिल्टर लई देखणा हाय. तुझी मामी त्याला डबड्यावर डबडं म्हणती, पण रोज चिंचेनं घासती. कालच तिनं त्यात हळद भरून ठेवली होती, मी वेळेवर बघितलं म्हणून बरं.

मला त्यातली एक गोष्ट कळाना. वरच्या डब्याची भोकं एवढी बारीक, मग पूड त्यात अडकून बसत कशी न्हाई? आन पाणी उकळतंच ओतलं तर काय बिघडतं? काहिलीत तर आमी रस उकळूनच काढतो. उकळीनं वास उडून जातो का? म्हणजे वास आधी जातो का चव आधी जाती? हे नीट सविस्तर लिही. मी वहीत लिहून ठेवतोय.

पुड्यांचं सांगतो. एक आन दोन सारख्या. तीन नंबरची वेगळी हाय, लई सरस. वास उत्तम.

सटवाचं काय सांगू. जाळ त्याच्याकडं होता एवढं खरं.

मामा

•

चिकमगळूर
१४ ऑगस्ट २०२४

अहो मामा,

चुकलात! एक नंबरची वेगळी होती. त्या पुडीत मी आठ दिवस वेलदोड्याची सालं ठेवून मग काढून घेतली होती. इथली झाडलोट करणारी बाई सुद्धा दारातून ओळखते. खरं सांगा, तंबाखू मळायला लागलात की काय? मामीला विचारू का?

आणि 'वास उत्तम' म्हणजे काय हो? नुसत्या गुळाच्या वासाला तुमच्याकडे अकरा शब्द होते. ओला, कोवळा, खरपूस, करपट, दुधट, गवतट... मी मोजलेले आहेत. कॉफीला दोनच?

पाण्याचं असं, की उकळतं पाणी भाजलेल्या पुडीवर पडलं की कडवटपणा आधी ओढून आणतं. म्हणून एक मिनिट थांबायचं. आणि हो, वास आधी जातो. चव मागं राहते. डबा उघडा ठेवला तर पंधरा दिवसांत वास संपतो, पण जिभेला कडू, आंबट, गोड सगळं कळत असतं. म्हणून डबा घट्ट लावा.

फिल्टरमधली पहिली कॉफी झाली की नाही? बी दळून घेतलं का? तेवढं तरी नीट लिहा.

स्वप्नाली

•

केज
२९ ऑगस्ट २०२४

स्वप्नाली,

तंबाखूचं नाव काढू नको. जन्मात हात लावला न्हाई.

बी दळून घेतलं. त्याचंच रामायण झालंय ते आता ऐक. तू लिहिलं होतंस 'दळून घ्या'. दळून घ्या म्हणल्यावर माणूस कुठं जाणार? मी डबा घेऊन रामप्रसादच्या गिरणीत गेलतो. तो म्हणला, "अण्णा, हे काय? उडीद का करडई?" मी म्हणलं, "कॉफी हाय, बारीक रव्यावानी काढ." त्यानं पाट्या जरा सैल केल्या आन काढून दिलं. झकास निघालं. लोकं बघाया जमले. एक म्हातारी म्हणली, "ह्याच्या भाकरी व्हतात का?" मी डबा काखेत मारून घरी आलो.

माझ्या मागं नंबर होता छबुबाईच्या ज्वारीचा. तिच्या मागं पाच-सात घरांची ज्वारी-बाजरी. तुझ्या मामीचं बी दळण त्यातच होतं. रामप्रसादनं पाट्या पुसल्या न्हाईत, त्याला काय ठावं? संध्याकाळी आख्ख्या गल्लीच्या भाकरी बदामी रंगाच्या झाल्या! मी आपला जेवत होतो, दोन भाकरी खाऊन तिसरी मोडत होतो, वांग्याची भाजी चांगली झाली होती, तेवढ्यात छबुबाई परात घेऊन दारात. "पीठ नासलं! आख्खं घर घमघमतंय! लेकरू तोंडाला लावना!" तिच्या मागं दोघी-तिघी. एक म्हणली रामप्रसादच्या गिरणीत उंदीर दळला. एक म्हणली औषध पडलं. तुझी मामी पदर नाकाला लावून उभी, मला म्हणती, "आवो, तुमी ते गिळलं कसं?" मग मी सांगितलं की ती कॉफी हाय. छबुबाईनं मला काय काय म्हणलं ते लिहीत न्हाई. दुसऱ्या दिवशी रामप्रसादनं दहा किलो गहू दळून पाट्या साफ केल्या आन मला हात जोडून म्हणला, "अण्णा, परत डबा आणू नका." आता गल्लीतली पोरं मला कॉफीअण्णा म्हणतात.

दळायचं दुसरं काई साधन असंल तर कळव.

मामा

•

चिकमगळूर
७ सप्टेंबर २०२४

मामा,

आधी मी पोट धरून हसले. रात्रभर रामप्रसादची गिरणी डोळ्यांपुढे होती. चूक माझीच, 'दळून घ्या' ऐकून आपल्याकडं कुणीही गिरणीतच जाईल. हातानं फिरवायची लहान चक्की पाठवतेय, मांडीत धरून फिरवता येते.

मग सकाळी पत्र परत वाचलं आणि हसू गेलं.

आख्खं घर घमघमत होतं. मामी पदर नाकाला लावून उभी होती. आणि तुम्ही तिसरी भाकरी मोडत होतात. ज्या माणसाला शेजारच्या घरातली फोडणी करपली तर इकडे कळायचं, तो माणूस.

वेलदोडा पण कळला नाही तुम्हाला. पहिल्या पत्रात 'वास जोराचा पायजे' तीनदा लिहिलंत. पित्ताला कुणी कॉफी पितं का, मामा? कॉफीनं तर पित्त वाढतं. मीच वेडी, तेव्हा काही लक्षात आलं नाही.

तुम्हाला वास येत नाही. हो ना?

मी आईला सांगितलेलं नाही. मामीलाही सांगणार नाही. पण मला खोटं लिहू नका. मला दुसरं कुणी शिकवलेलं नाही.

स्वप्नाली

•

केज
१९ सप्टेंबर २०२४

स्वप्नाली,

चार-पाच दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो. लिहितो.

न्हाई येत. माघात ताप आलता, सर्दी झाली, ताप उतरला आन वास गेला. आधी वाटलं येईल. मग बीडला गुपचूप डॉक्टरकडं गेलतो. तो म्हणला रोज दोन वेळा जोराचे वास घ्या, लवंग, लिंबू, कॉफी, येईल हळूहळू, न्हाई तर न्हाई बी येणार. लवंग आन लिंबू घरात होतं. कॉफी कुठून आणावी? म्हणून तुला लिहिलं. रोज सकाळी तुझा डबा उघडून नाक घालून बसतो. तुझी मामी म्हणती नाद लागला. काईच येत न्हाई बाळा. रिकाम्या डब्यात नाक घातल्यावानी.

हे तर तुला कळलंच होतं. जे कळलं न्हाई ते आता सांगतो.

ती काहील सटवानं करपवली न्हाई. तापातून उठून चौथा दिवस होता. मालकाकडं परळीचे पाहुणे आलते. मालक म्हणले, "शहादेव, जरा दाखव तुझी कला." मी नेहमीसारखा काहिलीकडं पाठ करून उभा राहिलो. वासाची वाट बघत. वास आलाच न्हाई. सटवा खालून जाळापासून म्हणला, "अण्णा, वास सुटला." मी वरडलो, "तू जाळ बघ." परत म्हणला, "अण्णा, करपंल." मी परत गप केलं. मागं वळून बघायची लाज वाटली, एवढे पाहुणे समोर. वळलो तवा काहील काळी पडली होती.

मालक म्हणले, "हे काय झालं?" आन माझ्या तोंडातून निघून गेलं, "जाळ जास्त झाला." सटवानं माझ्याकडं बघितलं. मंग वाकून जाळ मागं ओढून घेतला. त्याच दिवशी त्याला काढला. अठरा वर्षं माझ्या खाली जाळ घातला त्यानं.

आता त्यानं आन त्याच्या बायकोनं, बबितानं, मुकादमाकडं नाव दिलंय, जोडीनं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीची गाडी कर्नाटकात निघणार. बबिता कधी ऊस तोडाया गेली न्हाई, तिच्या माहेरात बी कुणी गेलेलं न्हाई.

मला वाटलं होतं दसऱ्यापर्यंत वास आला की समदं आपोआप मिटंल. सटवाला परत बोलवीन, मालकाला म्हणीन झालं-गेलं विसरा. आला न्हाई. आता दसऱ्याला तीन आठवडे उरले.

तुला तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाई मी.

शहादेव

•

चिकमगळूर
२८ सप्टेंबर २०२४

मामा,

मला तुमचा राग आला. फार आला. वासामुळे नाही, सटवादादामुळे. तुमचं नाक गेलं ते तापानं, पण त्याचं काम तुम्ही घालवलंत. हे मी तुमच्या तोंडावर बोलू शकले नसते, म्हणून बरं की पत्र आहे.

आता सांगते ते करा. सोबत कच्च्या बियांची पिशवी आहे, हिरवट, न भाजलेल्या. मामीची शेंगा भाजायची लोखंडी कढई घ्या, मध्यम जाळावर ठेवा, बी टाका आणि सतत हलवत राहा. आणि नाक विसरा. कान द्या. आठ-दहा मिनिटांनी बी तडतडायला लागेल, लाह्या फुटतात तसं. तडतड थांबली की अर्धा-एक मिनिटात उतरवा, सुपात ओतून पाखडून गार करा. दुसऱ्यांदा बारीक चरचर सुरू झाली म्हणजे उशीर झाला. आमच्या भाजणीघरात एक म्हातारे आहेत, सर्दी झाली की ते नुसत्या कानावर भाजतात आणि आम्हाला फरक ओळखू येत नाही.

काहीलही बोलत असेल, मामा. तुम्ही चाळीस वर्षं ऐकत आलात, फक्त श्रेय नाकाला देत आलात.

पण हे नंतर. आधी सटवादादाकडे जा. वास येण्याची वाट बघू नका. दसरा बारा तारखेला आहे.

तुमचीच,
स्वप्नाली

•

केज
१५ ऑक्टोबर २०२४

स्वप्नाली बाळा,

पत्र पाच तारखेला मिळालं. सहाला बी भाजलं. खरंच तडतडलं! तुझी मामी म्हणली, "आता हे काय नवीन?" मी तिला बी तवाच सांगून टाकलं. ती कढईकडंच बघत म्हणली, "मला भाकरीच्या दिवशीच कळलं होतं. तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते." मंग पदर डोळ्याला लावला. मला बी रडू आलं. त्या नादात तडतड थांबलेली कळलीच न्हाई, बी काळं झालं. दुसरी खेप बरी निघाली.

सातला सटवाकडं गेलो. ती भाजलेली कॉफी पुडीत बांधून नेली, रिकाम्या हातानं कसं जावं? तो कोयत्याला धार लावीत बसलेला. मी उभ्यानंच समदं सांगितलं. त्यानं धार लावायची थांबवली न्हाई. म्हणला, "मला तवाच कळलं होतं, अण्णा. वास सुटल्यावर तुमी कधी उभे राहता का? तुमी नाक वर करून उभे होते, शेळी वाऱ्याला उभी राहती तसे."

म्हणलं, "मंग मालकाला बोलला कावून न्हाईस?"

म्हणला, "तुमचं नाक, तुमी बोलाया पायजे. मी कावून बोलू?"

बबितानं पाणी आणून दिलं पण माझ्याकडं बघितलं न्हाई. बरोबर हाय तिचं.

आठला अर्जुनराव मालकाकडं दोघं गेलो. मालकाचा राग तुला ठावा हाय. वरडले, खाली बसले, परत वरडले. मंग सटवाला म्हणले, "चूक झाली बाबा, ये कामावर. मुकादमाचं मी बघतो." पण शेवटी मला म्हणले, "शहादेव, हे बाहेर बोलायचं न्हाई. तुझ्या नाकावर आपला गूळ खपतो. सटवा तुझ्यामागं उभा राहील, वास सुटला की तुझ्या कोपराला हात लावील. 'उतरवा' तूच म्हणायचं."

मी हो म्हणलं. सटवा बी हो म्हणला. गाडी तेरा तारखेला गेली, ती दोघं त्यात न्हाईत. एवढं झालं.

पण खरं सांगू का, ते कोपराला हात लावायचं मला आतून पटना.

मामा

•

केज
२ डिसेंबर २०२४

स्वप्नाली,

गुऱ्हाळ जोरात हाय. सोबत दोन लहान ढेपा पाठवल्यात, एक नंबर आन दोन नंबर. एक माझ्या हातची हाय, एक सटवाच्या. कोणती कुणाची ते सांगत न्हाई. सटवा एक दिवस बबिताच्या माहेरी गेलता, त्या दिवशी मी एकट्यानं, नुसत्या कानावर एक काहील उतरवली. आन दुसऱ्या दिवशी मी जाळावर बसून सटवाला एकट्याला एक काढाया लावली, मधे तोंड उघडलं न्हाई.

तू सांग चांगली कोणती. तुझं नाक मी घडवलंय. मामाचं मन राखायचं न्हाई.

मामा

•

चिकमगळूर
११ डिसेंबर २०२४

मामा,

दोन्ही ढेपा उघडल्या आणि डोळे मिटून बसले. मन राखत नाही, ऐका.

एक नंबर चांगली आहे. रंग सुरेख, कण बरोबर. बाजारात कुणी नाव ठेवणार नाही. पण तोडल्यावर मागून एक बारीक करपट वास येतो. अर्धं मिनिट उशीर झालाय. सटवादादाला सांगा, वाईट वाटून घेऊ नको, पहिल्याच खेपेला एवढं जमणं म्हणजे कमाल आहे.

दोन नंबर तोडली आणि मी सात वर्षांची झाले. आधी कोवळा वास, मग खरपूस, आणि शेवटी तो दुधट. डोळे बांधून उभं केलंत तरी सांगेन, हा तुमचा हात आहे, मामा. तो लपत नाही. कानावर काढलीत, तरी तुमचीच आली. मी उगाच काळजी करत होते.

मी फार खूश आहे.

स्वप्नाली

•

केज
२० डिसेंबर २०२४

स्वप्नाली बाळा,

दोन नंबर सटवाची.

तुझं पत्र मी घरी फोडलं न्हाई. गुऱ्हाळावर नेलं, काहिलीपाशी. मालक होते, परळीचे तेच पाहुणे आलते, समदे होते. मालक म्हणले, "काय लिहिलंय पोरीनं?" मी मोठ्यानं वाचलं. 'हा तुमचा हात आहे, मामा' इथपर्यंत आलो तर समदे वा वा करू लागले, पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. सटवा खाली मान घालून उभा. तिथंच पत्राची घडी घालून खिशात टाकता आली असती. फेब्रुवारीत बी असंच पाहुण्यांपुढं तोंड गप ठेवलं होतं मी.

मी म्हणलं, "दोन नंबरची ढेप ह्या सटवानं काढली. एक नंबरची, करपट, माझी. मला माघापासून वास येत न्हाई. तुमच्यापुढं करपली ती काहील बी मीच करपवली, ह्यानं दोनदा सांगून."

काहील तेवढी खदखदत होती. मालकाचं तोंड उतरलं. मंग त्या पाहुण्यातला म्हातारा म्हणला, "बोलत काय बसले? त्याला उतरवू द्या ना, वास सुटलाय." आन सटवा म्हणला, "उतरवा!" असा वरडला की बबिता पाचटाच्या ढिगापासून पळत आली.

आता वर तो उभा राहतो. मी खाली जाळावर असतो. जाळ माझ्या हातानं चांगला लागतो, वरून काहिलीचा आवाज बी खाली जास्त येतो. 'सटवा, खदखद बदलली' म्हणलं की तो म्हणतो, 'अण्णा, थांबा, अजून कोवळा हाय.' बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं. मालकानं दोन दिवस तोंड फुगवलं, मंग आले. गूळ जातोच हाय.

डॉक्टरनं सांगितल्यावानी सकाळी डबा उघडतो. काल क्षणभर काई तरी आल्यासारखं झालं, मंग गेलं. असंल किंवा नसंल.

पितळी फिल्टर आता गुऱ्हाळावरच असतो. तुझी चक्की बबिता मांडीत धरून फिरवती. रोज चार वाजता समद्यांना कॉफी, नवा गूळ घालून. छबुबाई परवा आली, एक कप पिली, दुसरा मागितला, आन जाताना पुडी बांधून घेऊन गेली.

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, कॉफीचा वास कसा वाटला ते कळवा, चांगलं पानभर. मी तवा दोन शब्दांत उरकलं. म्हणून काल सटवाला म्हणलं, तू सांग, मी लिहितो. त्यानं कप नाकाशी धरला, लई वेळ धरला. म्हणला, "अण्णा, पावसाळा सरला की पहिल्या दिवशी चुलवण पेटवतो बघा. वाळलेलं पाचट धरतं, अजून रस टाकलेला नसतो. तसा."

तो वास मला पाठ हाय.

तुझा,
मामा